खांदेपालट

दादा श्रावणात गेला आणि शिमगा फाल्गुनात येतो. मधले महिने मी रत्नागिरीत, मांडवीच्या बाजूला घेतलेल्या भाड्याच्या खोलीत, आलेखाच्या कागदावर घरं भरत काढले. वाचन होत नव्हतं. डोळे ओळीच्या शेवटापर्यंत जायचे आणि रिकामे परत यायचे. मी कॉलेजात गणित शिकवत होतो. तास चुकवले नाहीत, पण फळ्यावर लिहिताना आपण हे कोणासाठी लिहितो आहोत असं वाटायचं. ज्याने मला शिकायला शहरात पाठवलं आणि स्वतः आंब्याच्या कलमांच्या मागे गावात राहिला, तो कावीळ होऊन पंधरवड्याच्या आत गेला होता.

कॉलेजच्या वाचनालयात कोणीतरी दिलेल्या जुन्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा होता. त्यातल्या एका अंकात एक खेळ सांगितला होता. खेळाला खेळाडू लागत नाही. चौकटींचा कागद घ्यायचा आणि काही घरं भरायची. प्रत्येक घराला आठ शेजारी. भरलेल्या घराला दोन किंवा तीन भरलेले शेजारी असतील तर ते पुढच्या खेपेला भरलेलं राहतं. कमी असतील तर एकटेपणाने मरतं, जास्त असतील तर गर्दीने. रिकाम्या घराला नेमके तीन भरलेले शेजारी मिळाले तर ते भरतं. एवढंच. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर, पुढची खेप, मग त्याच्या पुढची.

मी ते करू लागलो, कारण त्यात विचार करावा लागत नव्हता. फक्त शेजारी मोजायचे. पण काही दिवसांनी कागद बोलू लागले. काही आकृत्या दगडासारख्या स्वस्थ बसत. काही डोळा मिचकावल्यासारख्या आडव्याच्या उभ्या आणि उभ्याच्या आडव्या होत. आणि पाच घरांची एक आकृती होती, ती चालायची. काही खेपांनी तीच आकृती, एक घर तिरकी पुढे सरकलेली. मी नियम पुन्हा वाचला. चालण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. कुठलंच घर आपल्या जागेवरून हलत नव्हतं. घर भरत होतं किंवा रिकामं होत होतं, बस. तरी कागदावर काहीतरी निघालं होतं आणि कडेकडे चाललं होतं.

लेखकाने या प्रकाराला एक शब्द वापरला होता. सुटे भाग साधे असतात, आपापल्या शेजारापलीकडे त्यांना काही दिसत नाही, आणि त्यांच्या वागण्यातून वरच्या पातळीवर असं काही उभं राहतं की जे कुठल्याही एका भागात शोधून सापडत नाही. मराठीत याला काय म्हणावं ते मला सुचेना. कोशात उद्भव होता, उदय होता. दोन्ही मला सूर्याचे आणि रोगाचे शब्द वाटले. शेवटच्या वर्षाच्या वर्गात मी हे समजावून सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे दही लागणं, सर." वर्ग हसला. दुसऱ्याने विचारलं, मग विरजण कोणतं? मला दोघांचं बोलणं आवडलं होतं. त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी मी तास संपल्यावरही वर्गात रेंगाळलो.

माघ संपता संपता एका शनिवारी मी गावी गेलो. मालगुंडकडे जाणाऱ्या एसटीतून फाट्यावर उतरायचं, मग सडा, म्हणजे कातळाचं माळरान, ओलांडून खाली. सड्यावरचं गवत कापून नेलेलं होतं आणि कातळ उघडा पडला होता. आमचं घर वाडीत सगळ्यांत वर, पाखाडीच्या टोकाला; म्हणून गाव त्याला वरलं घर म्हणतो. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट.

वहिनी पडवीत चिंच फोडत बसली होती. एका सुपात चिंच, दुसऱ्यात चिंचोके. मुली शाळेतून यायच्या होत्या. तिने मला पाणी दिलं, पुन्हा बसली, आणि विळीवरून नजर न काढता सांगितलं की खांद्याचा प्रश्न निघाला आहे.

हा शब्द थोडा सांगायला हवा. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि सहाणेवर, म्हणजे गावाच्या मधल्या दगडी चौथऱ्यावर, जाऊन बसते. मग घरोघरी फिरते. पालखीला एकच लांब दांडा. पुढच्या टोकाला दोघे, मागच्या टोकाला दोघे. माणसं सतत बदलतात, एक निघाला की दुसरा आत शिरतो, आणि हे चालत्या पालखीत होतं. त्याला खांदेपालट म्हणतात. वर्तमानपत्रवाले मंत्री बदलले की हाच शब्द छापतात. पण देवळातून निघतानाचे पहिले चार खांदे ठरलेले असतात. ते चार घरांचे मान. पुढचा डावा खांदा वरल्या घरचा. आमच्या वडिलांनी धरला, मग दादाने. मी कधी धरला नव्हता, कारण दादा होता.

खांदा देणं हे आपण माणसाला शेवटचं नेतानाही म्हणतो. श्रावणात दादाला ज्यांनी खांदा दिला तीच माणसं फाल्गुनात पालखीला देणार होती. मी तो विचार बाजूला सारला, पण वहिनीचा बहुधा तो करून झालेला होता.

वाडीत बोलणं झालं होतं ते असं की वरल्या घरात वर्ष सरलेलं नाही, घरात सण नाही, तर यंदा त्यांचा खांदा आमच्या चुलतभावाने धरावा. चुलतभाऊ दादापेक्षा लहान, माझ्यापेक्षा मोठा. मुंबईत गिरणीत होता. गिरण्यांचा संप लांबला तसा गावी आला आणि राहिला. दांडगा माणूस, पालखी नाचवण्यात तालुक्यात नाव. त्याने मागितला नव्हता. लोकांनीच त्याचं नाव घेतलं होतं.

मी म्हणालो की एका वर्षाचा तर प्रश्न आहे.

वहिनी म्हणाली, "भावोजी, एकदा गेलेला खांदा मागायला पुढल्या वर्षी कोण जाणार? मी? की पोरी?" आणि चिंचोका सुपात टाकून म्हणाली, "माणूस गेला तो गेला. घर जायला नको."

तिच्या म्हणण्याचा अर्थ मला ठाऊक होता. आमच्या भागात अर्धी घरं कुलपातली असतात. माणसं मुंबईला, घराला वाळवी. गाव त्या घरांची नावं घेतं, पण ती मोजत नाही. वहिनीला दोन मुली, दीर शहरात आणि बिनलग्नाचा. खांदा गेला असता तर वरलं घर हळूहळू मोजण्यातून सुटलं असतं. पाण्याची पाळी, कलमांची राखण, मुलींची सोयरीक, प्रत्येक वेळी ते दिसलं असतं, आणि कोणी वाईट वागलंय असं एकाही ठिकाणी म्हणता आलं नसतं.

आम्ही संध्याकाळी काकांकडे गेलो. काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. पालखीचं सगळं त्यांच्याकडे असे. कुठल्या घराचा खांदा कधी, हे ते देवळाच्या पायरीवर उभे राहून पुकारायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की सण घराचा असतो, पालखी गावाची. खांद्याला सुतक धरायची रीत त्यांनी तरी पाहिली नव्हती. पण वर्ष सरलं नाही म्हणून पालखी यंदा वरल्या घराच्या अंगणात चढणार नाही, पाखाडीच्या खालून जाईल. वहिनीने मान हलवली. एवढं तिने धरलेलंच होतं.

मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी किरकोळ, चष्मेवाला, दादापेक्षा चार बोटं बुटका. ते म्हणाले, "खांदा देईन मी. पण पालखी झुकली तर गाव मला हसेल, तुला नाही."

चुलतभाऊ तिथेच ओसरीवर विडी ओढत होता. त्याला राग आल्याचं दिसलं नाही. उद्या वरल्या घरचा पेंढा खळ्यावरून घरी न्यायचाच आहे, तो शिडीवर घालून चौघांनी नेऊ, म्हणजे मास्तरचा खांदा कळेल, असं त्याने सुचवलं. गावात मला सगळे मास्तर म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांबूची शिडी आडवी करून तिच्यावर पेंढ्याचे भारे रचले. पुढे मी आणि चुलतभाऊ, मागे वाडीतले दोघे. मी मनात ताल धरला होता, एक दोन, एक दोन. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणून मी प्रत्येक पायरी आधी पाहत होतो आणि तिच्यासाठी पाय तयार ठेवत होतो. वाट अर्धी होण्याआधी शिडी तिरकी झाली, मागचा एकजण बांधावर चढला आणि पेंढा त्याच्या डोक्यावरून खाली गेला.

चुलतभाऊ शांतपणे म्हणाला, "मास्तर, तू एकटाच निघालास वाटतं. आमी मागनं येऊ, की नको?"

सगळे हसले. मीही हसलो. पेंढा गोळा केला, पुन्हा रचला, पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी त्याने मला मागे घेतलं आणि पेंढा घरी पोचला. मला कळलं होतं की दुपारपर्यंत हे वाडीभर होईल.

वहिनीला ते आधीच कळलं होतं. जेवणं झाल्यावर ती पुन्हा चिंच घेऊन बसली. मला झोप येईना. करायला काही हवं म्हणून मी पडवीच्या जमिनीवर खडूने चौकटी आखल्या आणि तिच्या सुपातले मूठभर चिंचोके घेऊन खेळ मांडला. कागदापेक्षा ते बरं पडत होतं. मरणारे चिंचोके उचलायचे, जन्मणारे ठेवायचे. फक्त आधी सगळे शेजारी मोजून घ्यायचे, मगच हात लावायचा.

वहिनी सातवीपर्यंत शिकलेली. ती बराच वेळ पाहत राहिली, मग नियम विचारला. मी सांगितला. एकटेपणाने मरतं हे ऐकून तिने हातातली चिंच सुपात टाकली. तिने विळी बाजूला सारली, जवळ येऊन बसली आणि माझ्याबरोबर शेजारी मोजू लागली. मी ती पाच घरांची आकृती मांडली होती. ती भिंतीकडून दाराकडे निघाली.

"चाललंय की," ती म्हणाली. आणि आणखी एक खेप मोजून, "पण कोण चाललंय?"

मी म्हणालो, कोणी नाही. चिंचोका पुढे सरकवलेला नाही आपण एकही. मघाशी होते त्यातले कितीतरी आता सुपात परत गेलेत. दर खेपेला थोडे नवे.

"मग चालतंय ते काय?"

मी आकृती असं उत्तर दिलं आणि ते मला तोकडं वाटलं. आकृती हा शब्द खरा होता, पण आकृती म्हटलं की ती कागदावर काढलेली काहीतरी वाटते, आणि ही तर चिंचोक्यांशिवाय क्षणभरही नव्हती. फक्त कुठल्या चिंचोक्यांशिवाय, याला महत्त्व नव्हतं. मी हे असं काहीसं बोललो असेन. वहिनी ऐकत होती, पण तिचं लक्ष दाराकडे होतं. तिथे चौकटी संपत होत्या.

"कडेला गेल्यावर?"

मी खरं ते सांगितलं. कडेला आपटली की मोडते. पुन्हा तशीच होत नाही.

ती हूं म्हणाली. आम्ही मोजत राहिलो. आकृती कडेला पोचली, अर्धी झाली, आणि चार चिंचोक्यांचा एक चौकोन होऊन तिथेच बसला. तो मरत नव्हता, वाढत नव्हता. वहिनीने आणखी दोनतीन खेपा मोजून खात्री केली. मग म्हणाली की हा काही वाईट नाही, राहू दे. मुली खेळून आल्या तेव्हा तिने त्यांना त्यावरून उडी मारून जायला सांगितलं.

माझ्या डोक्यात पाखाडी चालू होती. रत्नागिरीला परतताना एसटीत मला जे सुचलं ते गणित शिकलेल्या माणसाला फार आधी सुचायला हवं होतं, पण दुःखात माणूस मंद होतो. मी शिडीखाली उभा राहून सगळी वाट चालवायला पाहत होतो. पुढची पायरी, त्याच्या पुढची, चौघांचा ताल, एका डोक्यात. खेळातल्या घराला तसं करता येत नाही. घराला आठ शेजारी दिसतात आणि तेवढ्यावर त्याला भरायचं किंवा रिकामं व्हायचं असतं. पुढच्या डाव्या खांद्याला शेजारी किती? उजवीकडचा माणूस, आणि दांड्यातून मागून जे येतं ते. दांडा उतरला तर उचलायचं, चढला तर वाकायचं, शेजारचा जेवढं देतो तेवढं द्यायचं. वाट त्यात कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट होती. त्या खेळाचा नियम संपूर्ण माहीत असूनही पुढे काय होईल हे आधी सांगता येत नाही. एकेक खेप भरून पाहावीच लागते, जवळची वाट नाही. त्या वर्षी मला हे गणितातलं वाक्य म्हणून नव्हे, तर जवळजवळ दिलासा म्हणून कळलं. श्रावणापासून मी धरून चाललो होतो की दादा गेल्यावर आमचं पुढचं सगळं ठरून गेलं आहे, फक्त ते एकेक करून घडायचं बाकी आहे. पण तसं काढता येत नव्हतं. कोणालाच येत नव्हतं.

खोलीवर मी पाण्याची भरलेली कळशी खांद्यावर घेऊन जिना चढण्या-उतरण्याचा सराव केला. घरमालकीण काही दिवस पाहत होती, मग तिने विचारलं की नळ तर खालीच आहे, तुम्ही तेच पाणी पुन्हा खाली का नेता. मी गावचा शिमगा आहे म्हणालो. ती कोकणातलीच होती, पुढे काही विचारलं नाही.

शिमग्याच्या दिवशी दुपार कलताना देवळापुढे गाव जमलं. ढोल तापवून आणलेले होते, मुंबईची माणसं नव्या शर्टांत होती. माझा सदरा एका खांद्यावर फुगलेला होता, कारण वहिनीने आत तिची पाण्याला जायची चुंबळ टाके घालून बसवली होती. चार बोटांचा फरक तिने असा भरून काढला होता. चुंबळ बायकांची, डोक्यावर कळशीखाली घ्यायची. ती झाकली जाईल असं मला वाटलं होतं.

"मास्तर पाण्याला निघाले रे," कोणीतरी म्हणालं, आणि मग ते सगळीकडे पसरलं. बायकांत हसणं जास्त होतं. चुलतभावाने येऊन चुंबळ दाबून पाहिली, खालीवर केली आणि म्हणाला, "वहिनीची बांधणी हाय. ही सुटायची नाय. तुझं बघ."

काका पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी एकेक घर पुकारलं. वरल्या घरचा खांदा म्हटल्यावर मी पुढे गेलो. माझ्या उजवीकडे चुलतभाऊच होता, कुलपातल्या एका घरच्या मानाने.

दांडा खांद्यावर आला तेव्हा पहिल्यांदा फक्त वजन होतं. मी मोजायला लागलो आणि थांबलो. उजवीकडचा दंड माझ्या दंडाला लागत होता. तो वर गेला की मी वर, तो खाली की मी खाली. मागून दांड्यातून धक्का यायचा, तो मी तेवढाच पुढे द्यायचो. पायांकडे पाहिलं नाही. देवळाच्या वळणावर एकदा मी मागे पडलो, दांडा हाडाला लागला, आणि पुढच्या पावलाला ते भरून निघालं. कोणी भरून काढलं ते कळलं नाही.

आमच्याकडे म्हणतात, पालखीला भार येतो. भार म्हणजे वजन, हे मी वर्गात शिकवायचो. चौघांत वाटलं की चौथाई होतं. पण हा भार वाटला जात नाही. पालखी नाचायला लागते, हलकी होते आणि तरी आपल्याला खेचते. दादा घरी येऊन हे सांगायचा तेव्हा मी त्याला प्रेरणा आणि बलं समजावून सांगायचो आणि तो ऐकून घ्यायचा. त्या संध्याकाळी तो भार आला. चार माणसांच्या आठ पायांतून असं काही उभं राहिलं की जे माझं नव्हतं, चुलतभावाचं नव्हतं, आणि आम्ही चौघे बाजूला झालो असतो तर क्षणात नाहीसं झालं असतं. मला मासिकातल्या त्या शब्दाचं भाषांतर मिळालं होतं, पण वर्गात ते वापरण्याचं धैर्य मला कधी झालं नाही.

सहाणेची वाट आमच्या पाखाडीखालून जाते. तिथे पालखी थांबली, डोलली, आणि डावीकडे वळून पायऱ्या चढू लागली.

काका मागून ओरडले की सरळ घ्या. पण तोवर आम्ही चौथ्यापाचव्या पायरीवर होतो. उतरत्या पायऱ्यांवर पालखी मागे घेणं धोक्याचं असतं. ढोलवाले आमच्यामागे वर वळले, आणि ढोल वळल्यावर गाव वळलं.

त्यानंतरच्या काही दिवसांत मी चौघांना विचारलं, पालखी कोणी वळवली? मागचे दोघे म्हणाले, आम्हाला पुढून ओढ आली. चुलतभाऊ म्हणाला, "मी नाय. पालखीच गेली." त्याने मला विचारलं, तू? मी खूप आठवून पाहिलं. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. पण घराची वाट डावीकडे होती, मी डावीकडे होतो, माझा तोल तिकडे केसभर गेला नसेलच असं मी शपथेवर सांगू शकत नाही. चौघांचा केसकेसभर तोल एका बाजूला गेला असेल तर तेवढं पुरतं. हे उत्तर मला पटतं आणि तरीही पालखीच गेली हे वाक्य मला खोटं वाटत नाही.

अंगणात वहिनी एकटी होती. मुली खाली पालखीबरोबर होत्या. पालखी येणार नाही म्हणून तिने अंगणात शेणाचा सडा घातला नव्हता, ताट केलं नव्हतं. आम्ही वर आल्याचं पाहून ती आत धावली आणि सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन आली. खण नव्हता.

दारात आलेल्या देवीची ओटी घरच्या बाईने भरायची. पण नवरा नसलेल्या बाईने ती भरायची नाही. अशा घरात शेजारची कोणीतरी सवाष्ण पुढे होते आणि घरची दारामागे उभी राहते. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीलाही. ती सूप घेऊन निघाली ती इतर वर्षांसारखी निघाली असावी, आणि पालखीच्या अगदी जवळ आल्यावर तिला आठवलं. ती थांबली.

ढोलही थांबले. पाखाडीवर बायका खालपर्यंत उभ्या होत्या, त्यांच्यातली कोणीही पुढे झाली असती तर झालं असतं. मी दांड्याखालून मान वळवून पाहिलं. प्रत्येक बाई शेजारच्या बाईकडे पाहत होती.

तेव्हा चुलतभाऊ, समोर पाहत, एरवी बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "वहिनी, आवरा लवकर. खांदे भरून आले."

मागच्या दोघांपैकी एकजण हसला. वहिनीने तांदूळ घातले, नारळ ठेवला. कुंकवाशी तिचा हात पुन्हा अडला, कारण घरातली कोयरी तिने आणलीच नव्हती. काकांनी आपल्या हातातलं पालखीचं ताट तिच्यापुढे केलं. तिने चिमूट घेऊन देवीला कुंकू लावलं, हात पदराला पुसला आणि बाजूला झाली. ढोल सुरू झाले.

खाली उतरताना खांदेपालट झाली आणि मी बाहेर पडलो. खांदा सुजला होता, चुंबळ मात्र जागेवर होती.

याबद्दलही मी नंतर विचारलं. त्या वर्षी मी लोकांना फार प्रश्न विचारले. काका म्हणाले, चुलतभाऊ बोलल्यावर मी ताट पुढे न करून कसं चालेल? चुलतभाऊ म्हणाला, काका अडवत नव्हते, म्हणजे त्यांची ना नसणार, असं वाटलं मला. आणि खांदा खरंच दुखत होता. बायका म्हणाल्या, मोठी माणसं गप्प होती म्हणून आम्ही गप्प. मोठी माणसं म्हणाली, बायकांपैकी कोणी पुढे झाली नाही, त्यावरून आम्ही समजलो. मी एक वही घेऊन बसलो असतो तर कागदावर बाणांचं एक वर्तुळ आलं असतं, आणि ते कुठून सुरू झालं हे दाखवता आलं नसतं. वहिनीला मी विचारलं नाही. तिने एकदा आपणहून सांगितलं की तिला त्या वेळी फक्त एवढं दिसत होतं की पालखी दारात आहे.

पुढच्या शिमग्याला काकांनी वरल्या घरचा खांदा पुकारला तेव्हा कोणी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी धरला. दादाचं वर्ष होऊन गेलं होतं, वहिनीने खण आणून ठेवला होता, सडा घातला होता, आणि ओटी तिनेच भरली.

सहाणेवरून पालखी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे गेली. तिथल्या शेवटच्या घरात एक म्हातारी राहायची, फार लहानपणी नवरा गेलेली. तिच्याकडे दर वर्षी शेजारची सून ओटी भरायची. आम्ही तिच्या अंगणात शिरलो तेव्हा ती तुळशीपाशी उभी होती, सूप दोन्ही हातांत, खण, नारळ, तांदूळ, कोयरी, सगळं नीट लावलेलं. ती बराच वेळ उभी असावी.

काकांनी तिला विचारलं की तुला कोणी सांगितलं.

म्हातारीला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "सांगायला कशाला हवं? आता असंच करतात ना?"

काकांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही एकमेकांकडे, आणि पालखी तिच्या उंचीला येईल इतकी खाली घेतली.